भिंतीकडे पाठ

मुलांनो, डोळे मिटा. डोळे मिटून वाचायचं कसं, असं विचाराल, तर हे पुस्तक कुणाच्या तरी हातात द्या आणि त्याला मोठ्यानं वाचायला सांगा. मिटलेत? मग आता एक भिंत बघा.

सांगलीहून कृष्णेच्या काठानं हरिपूरला जो रस्ता जातो, त्याच्या सुरुवातीला एक जुनी मोटारीची खोली होती. नदीचं पाणी शेतांवर चढवायचं इंजिन पूर्वी तिच्यात असायचं, आता नुसतं कुलूप. तिची रस्त्याकडची भिंत चुन्यानं पांढरी केलेली आणि त्यावर गेरूनं लिहिलेली नावं, एकाखाली एक. नदीवर धुकं आहे. परतलेल्या लसणाचा आणि शेंगदाण्यांचा वास येतोय, कारण जवळच परातीत भडंग ठेवलं आहे. त्या भिंतीकडे पाठ करून एक माणूस उभा आहे. बारीक अंगाचा, घामानं सदरा अंगाला चिकटलेला. त्यानं तुमच्यासारखेच डोळे मिटलेत. त्याच्यामागे त्याचा मित्र भिंतीवर काहीतरी लिहितोय.

"किती लिहितोयस रे, सर्जा?" तो माणूस विचारतो.

"गप उभा ऱ्हा. डोळं उघडलंस तर दोन मिनिटं वाढवीन."

"एक आकडा लिहायला एवढा वेळ?"

"आकडा न्हाई. अक्षरं लिहितोय."

अजून डोळे उघडू नका. त्याला ते दिसलेलं नाही, तेव्हा तुम्हालाही दिसायला नको. तोवर ही माणसं कोण ते सांगतो.

आमचं एक पळणाऱ्यांचं मंडळ होतं. पाटीवर नाव 'कृष्णाकाठ धावक मंडळ', पण गावात त्या नावानं आम्हाला कुणी ओळखलं नाही. पहाटे अर्ध्या चड्डीत पळणारी पोक्त माणसं बघून दूधवाल्यांनी आमचं नाव ठेवलं पळपुटे मंडळ, आणि आम्हीही ते लावून घेतलं. मी मंडळात होतो, पण पळत नव्हतो. शाळेतून निवृत्त झालेला मास्तर मी, माझे गुडघे माझ्या आधीच निवृत्त झाले होते. घड्याळ धरायचं आणि नावं पुकारायची, एवढं माझ्याकडे.

दत्तजयंतीनंतरच्या रविवारी आमची शर्यत असे. मोटारीच्या खोलीपासून हरिपूरच्या संगमापर्यंत जायचं आणि परत यायचं. पहिला कोण आला याला आमच्याकडे फारशी किंमत नव्हती. कुस्तीच्या मातीतली माणसं सगळी, म्हणून प्रत्येकाला एक जोड लावून दिलेली. शर्यत संपली, भिंत पांढरी करून वाळली की तिथंच जोडीदाराचा पुढल्या वर्षीचा आकडा भिंतीवर लिहायचा. स्वतःचा नाही, त्याचा. हा गडी पुढल्या वर्षी किती मिनिटांत येईल, ते. करवंटीत गेरू कालवलेला, कडुनिंबाच्या काडीचं टोक दातानं चावून मऊ केलेलं, त्यानं लिहायचं. ज्याचा आकडा लिहायचा, त्यानं तोवर भिंतीकडे पाठ करून डोळे मिटून उभं राहायचं. मग वळून बघायचं आणि भांडायचं. पुढली शर्यत होईपर्यंत त्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही. ज्याचा अंदाज सगळ्यात जवळ, त्याला भडंगाची पहिली मूठ. ज्याचा सगळ्यात लांब गेला, त्यानं सगळ्या भिंतीला चुना द्यायचा.

वर्षभर आधी लिहून ठेवायचं. आता मला त्यात फार मोठं धाडस दिसतं. तेव्हा कुणालाच तसं वाटलं नाही.

डोळे मिटून उभा होता तो धन्यकुमार मगदूम. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर तो पोती तोलायचा. त्याच्या बुटांच्या शिवणीत बाराही महिने हळद असायची. लिहीत होता तो सर्जेराव कोळप, पाणी चढवणाऱ्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं दुकान होतं त्याचं. उंच, आडवा, तोंडाळ. दोघं एका गल्लीत वाढले आणि मंडळ निघालं तेव्हापासून एकमेकांची जोड होते. परातीशी बसली होती ती धन्यकुमारची मुलगी त्रिशला. पाचवीत होती.

आता डोळे उघडा.

धन्यकुमार वळला. त्याच्या नावापुढे सर्जेरावनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : येणार नाही.

"हे काय?"

"तूच म्हणतोस की दरवर्षी. पुढच्या साली मी न्हाई बाबा, गुडघं बोलायला लागलेत. आज पण हरिपुरात म्हणालास. मग म्हटलं, लिहूनच टाकू."

सगळे हसले. धन्यकुमार सगळ्यांत जास्त हसला. त्यानं काडी ओढून घेतली, सर्जेरावला भिंतीकडे पाठ करून उभं केलं आणि त्याच्या नावापुढे शांतपणे लिहिलं : सत्तावन्न मिनिटं.

"मी येणार, सर्जा, आणि ही सगळी भिंत तुझ्याकडून रंगवून घेणार. त्रिशा, लक्षात ठेव गं. काकाला पुढल्या वर्षी जुने कपडे घालून यायला सांग."

"मी घरून कुंचा आणते," त्रिशला म्हणाली आणि सर्जेरावनं तिच्या डोक्यावर टपली मारली.

मार्चमध्ये, हळदीच्या भर मोसमात, धन्यकुमार काट्याशेजारच्या पोत्यावर जरा टेकला आणि उठलाच नाही. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. त्याला काही त्रास होता हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं, बहुधा त्यालाही नव्हतं.

त्यानंतर सर्जेराव मंडळात आला नाही. मगदूमांच्या घरीही गेला नाही. पूर्वी रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की तो त्यांच्या उंबऱ्यावर बसून चहा प्यायचा आणि त्रिशलाला चिडवायचा. आता तो मागच्या बोळानं घरी जाऊ लागला. वहिनींनी, म्हणजे त्रिशलाच्या आईनं, दोनदा निरोप धाडला. तिसऱ्यांदा तिनं विहिरीची मोटार बिघडल्याचं निमित्त केलं. मोटार दुरुस्त होऊन हातगाडीवरून परत आली, सर्जेराव आला नाही.

भिंतीवरची ती ओळ मात्र होती. पळून आल्यावर आम्ही सगळे तिच्याकडे पाठ करून बसायला लागलो. जून लागायच्या आत एका सकाळी मंडळातल्या इंदुताई बिरनाळे चुन्याची बादली घेऊन आल्या. इंदुताई नर्स होत्या, आणि जे पुसायचं ते लगेच पुसायची त्यांना सवय.

"नियम गेला खड्ड्यात," त्या म्हणाल्या. "मला हे बघवत नाही."

त्यांनी कुंचा बुडवला तेवढ्यात मागून हाक आली. सर्जेराव सायकल धरून रस्त्यावर उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. दाढी वाढलेली.

"इंदुताई, ते ठेवा," तो म्हणाला.

"अरे, कशाला?"

"शर्यत होईस्तोवर पुसायचं न्हाई. नियम हाय. मी लिहिलंय, ते मला दिसाय पायजे."

तो सायकलवर बसून गेला. इंदुताईंनी बादली तशीच परत नेली. नंतर कळलं, तो दुकान उघडायच्या आधी रोज त्या रस्त्यानं यायचा, भिंतीपुढे एक पाय टेकून उभा राहायचा आणि जायचा.

दिवाळीच्या सुट्टीत त्रिशला माझ्याकडे गणितं सोडवायला यायची. एक दिवस तिनं वही मिटली.

"गुरुजी, भिंतीवर अण्णांचं नाव अजून आहे?"

"आहे."

"आणि पुढचं?"

"तेही आहे."

ती थोडा वेळ पेन्सिलीचं टोक बोटावर टेकवत बसली.

"सर्जाकाकांनी लिहिलं म्हणून झालं का?"

मुलांनो, मी मास्तर. प्रश्न आला की मला उदाहरण सुचतं. मी उठून पंचांग काढलं आणि तिला दाखवलं. "हे बघ, इथं ग्रहण लिहिलंय. पंचांगात लिहिलं म्हणून ग्रहण लागतं का?"

"नाही. लागणार असतं म्हणून ते लिहितात."

"मग झालं तर."

"पण गुरुजी, पंचांगवाल्यांना ठाऊक असतं. सर्जाकाकांना कुठं ठाऊक होतं?"

मी पंचांग मिटलं.

"मी पळू का?" ती म्हणाली. "अण्णांच्या नावावर. नाव पुकारलं आणि मी हजर म्हटलं, तर काकांनी लिहिलेलं चुकेल ना?"

"हरिपूर लांब आहे, बाळ."

"मला ते चुकवायचंय," ती म्हणाली. मला वाटलं, हिला सर्जेरावचा राग आलाय. यावा असंच होतं ते.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे पळू लागली. मी बाजूनं सायकलवर. पहिल्या आठवड्यात ती चिंचांच्या रांगेपर्यंतच पोचायची आणि कुशीत कळ आली म्हणून वाकून उभी राहायची. मी कधी पुरे म्हटलं नाही आणि तिनंही कधी विचारलं नाही.

शर्यतीच्या आदल्या सकाळी आम्ही भिंतीसमोरच्या चहाच्या टपरीवर जमलो. दरवर्षी हा दिवस चेष्टेचा. इंदुताईंची जोड होती अस्लम तांबोळी, पानवाला, मंडळातला सगळ्यात जाड गडी.

"तांबोळी, तुमच्यापायी मला चुना लावावा लागणार," इंदुताई म्हणाल्या. "मी तुमचा एक तास लिहिलाय आणि तुम्ही हरिपुरात चहाला थांबणार."

"थांबनार हाय, पन बशीतनं पिनार. लवकर निवतो."

"गेल्या वर्षी दोन बशा झाल्या."

"गेल्या वर्षी भजी गरम होती, ताई. मानसाचा काय दोष?"

हसता हसता तांबोळींची नजर भिंतीवर गेली आणि ते कपाकडे बघायला लागले. तेवढ्यात त्रिशला आली. अंगात शाळेचा खेळाचा सदरा होता.

"उद्या मी पळणार आहे," ती म्हणाली. "अण्णांच्या नावावर."

तांबोळींनी कप खाली ठेवला. मग ते हळूच म्हणाले, "बाळा, कुनाच्या जागी कुनी पळत न्हाई गं."

"गुरुजी, नियमात बसतं का?" इंदुताईंनी मला विचारलं.

"नियमात एवढंच आहे," मी म्हणालो, "की नाव पुकारल्यावर हजर म्हणायचं."

"मग पळू दे पोरगीला," इंदुताई म्हणाल्या आणि त्यांनी तिला आपल्या कपातला अर्धा चहा दिला.

संध्याकाळी त्रिशला म्हणाली, गुरुजी, सर्जाकाकांच्या दुकानावर चला. मी दारात सायकल धरून थांबलो, ती आत गेली. सर्जेराव जमिनीवर बसून तांब्याच्या तारेचे वेढे मोजत भरत होता. तिला बघून त्याचा हात थांबला, पण मान वर झाली नाही.

"काका, उद्या येणार का?"

"मोटारी पडल्यात गं. ऊस तहानलाय लोकांचा."

"रविवारी दुकान बंद असतं."

त्यानं पुन्हा तार ओढली.

"अण्णांनी तुमचा आकडा लिहिलाय. सत्तावन्न. तुम्ही आला नाही तर अण्णा चुकतील."

"चुकू दे."

"अण्णा तुमच्या बाबतीत कधी चुकले नाहीत. तुम्हीच म्हणायचा, धन्या मला पोत्यासारखा अचूक तोलतो."

सर्जेरावच्या बोटांतून तार सुटली आणि भरलेले वेढे भराभरा सैल झाले. त्यानं ते सावरले नाहीत.

"घरी जा, त्रिशा," तो म्हणाला. "अंधार पडतोय."

रविवारी सकाळी धुकं एवढं होतं की नदी नुसती ऐकू येत होती. वहिनी आल्या होत्या. भडंगाची परात यंदा त्यांनी स्वतःच आणली होती, कुणी सांगितलं नव्हतं. मी भिंतीसमोर उभा राहिलो आणि नावं पुकारू लागलो. इंदुताई हजर. तांबोळी हजर. एकेक करत मी खाली आलो.

"सर्जेराव कोळप."

उत्तर आलं नाही. पण रस्त्यापलीकडे चिंचेखाली एक सायकल टेकलेली मला दिसली आणि तिच्यामागे तो. पायात पळायचे बूट होते. रस्ता ओलांडून मात्र येत नव्हता.

शेवटचं नाव राहिलं होतं. चाळीस वर्षं मी हजेरी घेतली, पण तेवढं एक नाव मी घड्याळाकडे बघत घेतलं.

"धन्यकुमार मगदूम."

"हजर," त्रिशला म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता. तरी चिंचेखालची सायकल पडल्याचा आवाज आला.

मी घड्याळ दाबलं. सगळे निघाले आणि धुक्यात शिरले. त्रिशला सगळ्यांच्या मागे, सुरुवातीपासूनच ओठ आवळून. ती दिसेनाशी झाल्यावर सर्जेराव रस्त्यावर आला.

"तिला एकटीला सोडलंत, गुरुजी?"

"तिनं हजर म्हटलं."

"हरिपूरच्या वळणावर ऊस भरलेल्या ट्रॉल्या येत्यात. धुक्यात दिसत न्हाई."

"मग तू उभा का आहेस?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं नाही, आणि तो पळाला.

माणसं परत येऊ लागली. इंदुताई आल्या, बाकीचे आले, तांबोळी बऱ्याच वेळानं आले आणि त्यांच्या मिशीला चहा होता. त्यांना कुणी चिडवलं नाही. सत्तावन्न मिनिटं झाली. मी घड्याळाकडे बघितलं आणि रस्त्याकडे बघितलं. धुकं विरायला लागलं होतं. सत्तावन्न सरून गेली. वहिनी उभ्या होत्या त्या बसल्या. तांबोळींनी मोटारसायकल काढली, तेव्हा इंदुताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "थांबा. तो आहे बरोबर."

त्या रस्त्यावर काय झालं ते मला सर्जेरावनं पुष्कळ वर्षांनी सांगितलं. चिंचांच्या रांगेपाशी त्यानं तिला गाठलं. दोघं बरोबर पळाले. ती चालली की तो चालायचा, ती पळाली की तो पळायचा. हरिपूरला संगमावर आल्यावर ती पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेली, तोंडावर पाणी मारलं आणि तिथंच बसली. तो दोन पायऱ्या वर बसला.

"काका," ती पाण्याकडे बघत म्हणाली, "मी आले म्हणजे अण्णा आले, असं होतं का?"

त्याला हो म्हणावंसं वाटलं. म्हणता आलं नाही.

"न्हाई, बाळा."

"मलापण तसंच वाटलं," ती म्हणाली. "निघाले तेव्हा वाटलं होतं की होईल. मग वाटेतल्या वडापाशी आल्यावर वाटलं, नाही होणार."

मग ती रडली. बाप गेल्यावर तेराव्या दिवसापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, तेव्हा ती रडली नव्हती, आईला पाणी देत फिरत होती. इथं ती मोठ्यानं रडली, आणि सर्जेराव कोळप दोन पायऱ्या वर बसून रडला, आणि घाटावरच्या देवळाच्या दारात उभा असलेला पुजारी आत गेला. रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि ती उठली.

"चला. गुरुजी घड्याळ धरून उभे असतील."

ते दोघं आले तेव्हा ऊन पडलं होतं. पळतच आले. तिच्या एका बुटाची नाडी सुटली होती आणि रस्त्यावर आपटत होती. सर्जेराव तिच्याहून अर्धं पाऊल मागे होता, मुद्दाम. मी घड्याळ थांबवलं. एक तास चाळीस मिनिटं.

कुणी टाळी वाजवली नाही. वहिनींनी तिच्या अंगावर शाल टाकली. सर्जेराव थेट भिंतीपाशी ठेवलेल्या चुन्याच्या बादलीकडे गेला आणि त्यानं कुंचा उचलला.

"चुना मी देतो," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "पोरगीनं हजर म्हटलं. सगळ्यात मोठी चूक माझी हाय. सगळ्यांच्या देखत सांगतो, मी चुकलो."

त्रिशला पुढे आली.

"नाही, काका. तुमचं बरोबर आलंय. अण्णा आले नाहीत."

एवढं साधं वाक्य इतक्या महिन्यांत आमच्यापैकी कुणाच्याही तोंडून निघालं नव्हतं. वहिनींनी पदर तोंडाशी नेला. तांबोळी नदीकडे बघत राहिले.

"चुकलंय अण्णांचं," ती म्हणाली. "त्यांनी सत्तावन्न लिहिलं होतं. गुरुजी, काकांना किती लागली?"

"एक तास चाळीस," मी म्हणालो.

"म्हणजे सगळ्यात लांब अण्णांचंच. चुना आमच्याकडे लागतो. कुंचा द्या."

"अगं, मला उशीर तुझ्यापायी झाला."

"कुणापायी का होईना," ती म्हणाली. "नियम आहे."

त्यानं कुंचा दिला. ती वरून सुरू झाली. टाचा उंचावून, जिथं हात पोचला नाही तिथं तांबोळींनी आणलेल्या पेटीवर चढून. इंदुताई गेल्या, तांबोळी गेले, एकेक नाव आधी गुलाबी व्हायचं आणि मग दिसेनासं व्हायचं. सर्जेराव कोळप, सत्तावन्न मिनिटं, हेही गेलं. तिथं तिचा हात जरा रेंगाळला, कारण ते अक्षर बापाचं होतं. पण गेलं.

शेवटची ओळ राहिली. ती थांबली. चुन्याचे थेंब तिच्या बुटांवर पडत होते.

"काका, इकडे या."

तो आला. तिनं कुंचा त्याच्या हातात दिला आणि त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. लहानपणी ती अक्षर काढायला शिकली, तेव्हा मी तिचा हात तसाच धरला होता. त्या दोघांनी मिळून ती ओळ गिरवल्यासारखी पुसली, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. चुना ओला असेतोवर ते शब्द खालून दिसत राहिले.

भिंत वाळायला वेळ लागला. तोवर वहिनींनी सगळ्यांना भडंग दिलं. सर्जेरावपुढे बशी धरून त्या म्हणाल्या, "भावजी, उद्यापासून समोरच्या दारानं येत जा. चहा मांडून फुकट जातो रोज." तेव्हा मला कळलं, त्रिशला इतके दिवस कशासाठी पळत होती. तो राग नव्हता. घरातलं एक माणूस गेलं होतं, दुसरं त्या तीन अक्षरी-दोन अक्षरी ओळीमागे अडकून पडलं होतं, आणि तिला त्या दुसऱ्याला तरी परत आणायचं होतं.

मग नवे आकडे लिहायची वेळ आली. इंदुताईंनी तांबोळींना दोन बशांचा वेळ धरून आकडा दिला. मी वर्षानुवर्षाच्या सवयीनं म्हणालो, "पुढची जोड."

त्रिशला उठली. "काका, पाठ करा. डोळे मिटा."

सर्जेराव भिंतीकडे पाठ करून उभा राहिला. तिनं करवंटीत काडी बुडवली आणि लिहिलं : सर्जेराव कोळप, एक तास चाळीस मिनिटं.

तो वळला आणि बघत राहिला. त्याच्यासारखा गडी पुढल्या वर्षी तेवढा वेळ लावणार, म्हणजे कुणाच्या तरी पावलानं चालणार, हे त्याला कळलं.

"आता तुम्ही माझा लिहा," ती म्हणाली.

"न्हाई." तो दोन पावलं मागे सरला. "त्रिशा, मी आता कुणाचं काई लिहिणार न्हाई. गुरुजी लिहितील."

"जोड माझी तुम्ही आहात. गुरुजी नाहीत."

"माझा हात चांगला न्हाई, बाळा."

मी पुढे होणार होतो. इंदुताईंनी माझी बाही धरली.

त्रिशलानं वाद घातला नाही. तिनं काडीचं टोक पुन्हा दातानं चावून मऊ केलं, करवंटीच्या काठाला निथळून घेतलं, सर्जेरावचा उजवा हात ओढला, त्याच्या तळव्यावर ती काडी ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून मिटली. मग ती भिंतीपाशी गेली, आपला बाप उभा राहायचा तिथं उभी राहिली, भिंतीकडे पाठ केली आणि डोळे मिटले.